गेला की घालवला?

‘चार-एक. आणि तेही आपल्याच माणसाकडून.’ पहाटे पावणेचारला एवढंच लिहून मी फोन उशाशी पालथा टाकला. तो लगेच थरथरला. वाटलं, कोणीतरी रडका चेहरा पाठवला असेल, नाहीतर रेफरीच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू झाला असेल. उचलून पाहिलं तर आजोबांचे तीनच शब्द. ‘आपला कधी होता?’ आजोबा म्हणजे कोणाचे सख्खे आजोबा नव्हेत. नुकतीच पन्नाशी ओलांडलेला माणूस. पण टॉटनहॅम ह्या लंडनच्या फुटबॉल क्लबच्या मागे तो नव्वदच्या दशकातल्या क्लिन्समनच्या काळापासून लागलेला, म्हणून आमच्या सात जणांच्या गटात त्याला हा मान. ते एरवी फार लिहीत नाहीत. त्या रात्रीही पूर्ण मॅचभर त्यांनी अक्षर उमटवलं नव्हतं. मी उत्तर लिहायला घेतलं. पाच वर्षं, अ‍ॅमस्टरडॅम, वगैरे. मग सगळं पुसलं. दिवा बंद केला. झोप काही आली नाही.

6 नोव्हेंबर 2023 ची ती मॅच, आमच्या टॉटनहॅमच्या मैदानावर, चेल्सीशी. ‘आपला माणूस’ म्हणजे आमचा जुना मॅनेजर पोचेटिनो, तेव्हा चेल्सीचा झालेला. आपल्याकडे मंगळवारची पहाट. त्या मॅचचं काय सांगायचं, पाहिलेल्यांना पाठ आहे आणि न पाहिलेल्यांना पटणार नाही. पण आमच्या गटात ती कशी घडली ते सांगतो. गटाचा एक नियम आहे: गोल झाला की मिनिटभर कोणी काही लिहायचं नाही. कारण आमच्यातल्या एकाचं प्रक्षेपण इतरांपेक्षा अर्धाएक मिनिट मागे चालतं. इतरांना जे झालेलं असतं ते त्याला व्हायचं असतं. सहाव्या मिनिटाला आमच्या कुलुसेव्हस्कीने गोल मारला तेव्हा सगळ्यांनी नियम पाळला, आणि मग एकदम आजोबा सोडून सहा जणांनी सहा वेळा तेच लिहिलं. त्यानंतर मात्र नियमाचं पार भजं झालं. सोनचा गोल झाला, नाही झाला. चेल्सीचा झाला, नाही झाला. आमच्या रोमेरोला रेड कार्ड, पेनल्टी, चेल्सीच्या पामरचा फटका खांबाला लागून आत. व्हॅन द व्हेन मांडी धरून खाली बसला, मॅडिसन लंगडत बाहेर गेला. पहिल्या हाफच्या शेवटी भरपाईचीच बारा मिनिटं. दोन्ही बाजूंचे मिळून पाच गोल त्या रात्री रद्द झाले. दर वेळी स्क्रीनवर व्हिडिओ तपासणीची ती जांभळी पाटी यायची, हेडफोनमध्ये साठ हजार माणसांचा आवाज कोणीतरी मुठीत धरल्यासारखा दबायचा, आणि आम्ही अंधारात आपापल्या खोल्यांत श्वास रोखून बसायचो.

मग 55 व्या मिनिटाला उदोगीही रेड कार्ड घेऊन गेला.

नऊ जण उरले, आणि ते नऊ जण मध्यरेषेवर जाऊन उभे राहिले. हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून आजही हलत नाही. दोन माणसं कमी असताना कुठलाही शहाणा संघ आपल्या गोलसमोर भिंत बांधतो. इथे आमचा मॅनेजर अँज पोस्टेकोग्लू ह्याची बचावफळी वेशीवर जाऊन ठाण मांडून बसली. पोरो, डायर, रॉयल, आणि ज्याचा बचावाशी एरवी फारसा संबंध नाही तो हॉयबर्ग. मागे अर्धं मैदान मोकळं, आणि त्या मोकळ्या रानात एकटा गोलकीपर विकारिओ. स्वतःच्या अर्ध्या भागातला खेळाडू ऑफसाइड, म्हणजे पास यायच्या आधीच बचावफळीच्या मागे पोचलेला, ठरत नाही, म्हणून बचावाची रेषा जास्तीत जास्त वर न्यायची तर ती मध्यापर्यंतच. त्यापुढे नियमच थांबतो. ह्यांनी ती अगदी तिथवर नेली. चेल्सीवाले चेंडू मागे टाकत होते, धावत होते, ऑफसाइड होत होते. पुन्हा टाकत होते, विकारिओ पेनल्टी बॉक्सबाहेर येऊन पायाने, छातीने चेंडू काढत होता. अकरा जणांना नऊ जणांचं कोडं वीस मिनिटं सुटलं नाही. पंचाहत्तराव्या मिनिटाला सुटलं. स्टर्लिंग पळाला, त्याने आडवा पास दिला, आणि जॅक्सनसमोर उघडं जाळं.

त्यानंतर तीनच मिनिटांनी डायरने फ्री किकवर जो फटका मारला, तेव्हा आमच्यातल्या सर्वांत संयमी माणसाने नियम मोडून ‘डायर!!!’ असं लिहिलं. आणि त्याच्या पाठोपाठच दुसऱ्याने ‘ऑफसाइड’. ज्याचं प्रक्षेपण मागे चालतं त्याने हे दोन्ही आधी वाचलं आणि गोल नंतर पाहिला. तो मला दुसऱ्या दिवशी म्हणाला, ‘रद्द होणार हे माहीत असून मी उठून उभा राहिलो. माझ्या पायांना सांगितलंच नव्हतं कोणी.’ भरपाईच्या वेळात सोनचा फटका सांचेझने अडवला. पुढच्याच क्षणी दुसऱ्या टोकाला जॅक्सन, आणि मग पुन्हा जॅक्सन. संपलं. लोक उठून उभे राहिले आणि चार गोल खाल्लेल्या आपल्या संघासाठी टाळ्या वाजवू लागले. आणि चेल्सीच्या बाजूला मॉरिसियो पोचेटिनो उभा होता. ज्या मैदानाचं दार त्याच्याच काळात उघडलं, त्या मैदानावर तो पाहुण्यांच्या बाकासमोर होता.

पुढचे तीन दिवस गटात जे चाललं त्याला चर्चा म्हणणं म्हणजे चर्चेचा अपमान. वरवर भांडण मध्यरेषेचं होतं. शौर्य की मूर्खपणा? आमच्यातला जो हिशेबी आहे त्याने स्वच्छ सांगितलं की एक-एकवर मागे सरून बसला असता तर कदाचित एक गुण मिळाला असता, दोन-एकने हरला असता तरी गोलफरक वाचला असता, टाळ्यांना गुणतालिकेत रकाना नसतो. सर्वांत धाकटा म्हणाला, मला गुण नकोत, मला हीच टीम पाहिजे. तो अँजच्या त्या मॅचनंतरच्या बोलण्यावर फिदा होता, की आम्ही असेच आहोत, पाच जण उरले तरी असेच खेळू. ह्यावर आजोबांनी त्या आठवड्यातलं त्यांचं दुसरं वाक्य लिहिलं: ‘पाच जण उरले तर मॅचच बंद करतात. सात लागतात.’ नियमाने ते बरोबरच आहे. पण असल्या बरोबर वाक्यांनीच भांडणं पेटतात.

खरी आग मात्र मध्यरेषेची नव्हतीच. तिसऱ्या दिवशी ती बाहेर आली. हिशेबी माणसाने सहज लिहिलं, ‘पोच गेला तेव्हापासून...’ आणि वाक्य पुरं व्हायच्या आत धाकट्याने अडवलं. ‘गेला नाही. घालवला.’

एक शब्द इकडचा तिकडे, आणि सगळा खटला बदलतो. गेला म्हटलं की दोष त्याचा, मग चेल्सीला जाणं ही फितुरी. घालवला म्हटलं की दोष आपला, मग घराबाहेर काढलेल्या माणसाने कुठे आसरा घ्यावा हे ठरवायचा आपल्याला काय अधिकार? कागदावर पाहिलं तर घालवलाच. 2018 च्या उन्हाळ्यात क्लबने एकही खेळाडू घेतला नाही, त्यापुढच्या जानेवारीतही नाही. नवं मैदान बांधून व्हायचं होतं, घरच्या मॅचेस वेम्बलीला चालल्या होत्या. त्याच मोसमात त्याने संघ चॅम्पियन्स लीगच्या फायनलला नेला. 1 जून 2019 ला माद्रिदमध्ये हरलो, आणि 19 नोव्हेंबरला त्याला नारळ. बारा तासही उलटले नाहीत तोवर नवा मॅनेजर मोरिन्हो हजर. खेळाडूंचा निरोप घ्यायलाही सवड नव्हती, म्हणे सरावाच्या जागी डावपेचांच्या फळ्यावर चार ओळी लिहून ठेवल्या गेल्या. तो फळ्याचा फोटो मी तेव्हा फोनमध्ये जपून ठेवला होता. परवा शोधला, सापडला नाही. फोन बदलला तेव्हा गेला असणार. की मीच घालवला?

मी टॉटनहॅमचा झालो तोच मुळी पोचेटिनोमुळे, हे इथे कबूल करून टाकतो. आजोबांसारखी माझी काही पिढीजात भक्ती नाही. 2015 च्या आसपास रात्री झोप लागेना म्हणून टीव्ही लावायचो आणि ही पोरं दिसायची. चेंडू गेला की लांडग्यांसारखी तुटून पडायची, बचावफळी थेट मैदानाच्या मध्याजवळ, सगळं इतकं आखीव आणि तरी इतकं अवखळ. मॅनेजर काळा कोट घालून हात मागे बांधून उभा. तो ओरडताना मला फारसा आठवत नाही. मला क्लब मागाहून कळला, माणूस आधी. म्हणून माझ्या तोंडी ‘आपला’ येतो तो त्याच्या नावाला चिकटूनच येतो.

अ‍ॅमस्टरडॅमची ती रात्र तर काय. हाफटाइमला एकूण तीन गोलांनी मागे. मी टीव्ही बंद केला होता. खरंच केला होता. तोंड धुतलं, अंथरुणावर पडलो, आणि मग नुसता स्कोअर बघू म्हणून फोन घेतला तर लुकास मोराचे दोन गोल झालेले. टीव्ही पुन्हा लावला, आवाज बंद ठेवून, कारण घर झोपलेलं. शहाण्णवाव्या मिनिटाचा तो गोल मी मुका पाहिला. चेंडू कोपऱ्यात गेला, आयाक्सची पोरं जागच्या जागी कोसळली, आणि नंतर पोचेटिनो गुडघ्यांवर बसून रडत होता. मोठा माणूस रडताना त्याचे खांदे कसे हलतात ते मी अगदी जवळून पाहिलं, आवाजाशिवाय. मी स्वतःच्या तोंडावर उशी दाबून ओरडत होतो. हे आजोबांना लिहायला घेतलं होतं त्या पहाटे, आणि पुसलं होतं. कारण लिहिता लिहिता वाटलं की ह्यात तो माझा होता एवढंच सिद्ध होतंय. ‘आपला’ होता हे नाही.

आपला म्हणजे नेमका कोणाचा, हा प्रश्न मराठीत मोठा लबाड आहे. आपण म्हटलं की समोरचाही त्यात आला. आम्ही म्हटलं की तो बाहेर. मी ‘आपल्याच माणसाकडून’ लिहून आजोबांना न विचारता त्यात ओढलं होतं. त्यांनी एवढंच सांगितलं की मला धरू नका.

त्यांची बाजू मी पुढे एकदा फोनवर ऐकली. रविवार दुपार, पलीकडे कुकरची शिट्टी, आणि आजोबा एरवी लिहीत नाहीत तेवढं बोलत होते. ‘अरे, 1998 मध्ये जॉर्ज ग्रॅहम आला आपल्याकडे. आपल्या कट्टर वैऱ्याला, आर्सेनलला, दोन लीग जिंकून दिलेला माणूस. आर्सेनलचा! पुढच्या वर्षी त्याने आपल्याला लीग कप दिला. तरी आपले लोक स्टँडमधून त्याचं नाव घेत नसत. रेनकोटवाला माणूस म्हणायचे. गाणं होतं संघाच्या मॅनेजरचं, त्यात नावाच्या जागी रेनकोट.’ मी म्हटलं, ‘मग तुम्ही?’ ते म्हणाले, ‘मीपण नाही घेतलं. कप घेतला, नाव नाही घेतलं.’ आणि हसले. मग म्हणाले की मॅनेजर आपला नसतोच, तो भाड्याच्या घरातला माणूस. त्याने भिंतींना चांगला रंग दिला म्हणून घर त्याच्या नावावर होत नाही. मी विचारलं, मग तो शेजारी राहायला गेल्यावर तुम्हाला एवढं का लागलं? ह्यावर ते म्हणाले, ‘शेजारी कुठे? चेल्सी!’

चेल्सी. इथे सगळ्यांचाच तोल जातो. हिशेबी माणसाने ह्यावर वकिली बाण्याने मुद्दा काढला होता: पोचेटिनो स्वतःच सांगून चुकला होता की बार्सिलोनाकडे आणि आर्सेनलकडे मी कधी जाणार नाही, त्यापेक्षा अर्जेंटिनात शेतावर काम करीन. त्यांच्या वैऱ्यांची, म्हणजे त्याच्या जुन्या क्लबांची, एस्पान्योल आणि टॉटनहॅमची आण म्हणून. चेल्सीचं नाव त्यात नव्हतं. म्हणजे शब्द मोडलेला नाही. मुद्दा बिनतोड, आणि बिनतोड मुद्द्याने कोणाचं समाधान झालंय? कारण आम्हाला 2 मे 2016 आठवते. चेल्सीचं मैदान स्टॅमफर्ड ब्रिज, आपण दोन-शून्यने पुढे, लीग जिवंत. मग केहिल, मग हॅझार्ड, दोन-दोन, आणि लेस्टर विजेते. त्या रात्री आपल्या नऊ जणांना यलो कार्डं मिळाली. आणि डॅनी रोझ आणि विलियन भिडले तेव्हा दोघांच्या मध्ये घुसायला मैदानात कोण आला? हाच काळ्या कोटातला. त्या मैदानाची खुन्नस आम्हाला शिकवली ती ह्याच्याच संघाने. आणि शिकवणारा तेव्हा त्याच मैदानाला घर म्हणत होता!

पण थांबा. हे लिहिताना मला स्वतःचंच हसू येतं. व्हिलास-बोआस कुठून आला होता? चेल्सीतून. मोरिन्हो? चेल्सीला लीग जिंकून दिलेला. कॉन्टे? तोही. तिघांनाही आपण हार घालून आत घेतलं. त्यांचे उतरलेले आपण उचलले तर ती महत्त्वाकांक्षा, आणि आपला उतरलेला त्यांनी उचलला तर ती गद्दारी. कॉन्टे गेल्यावर 2023 च्या वसंतात आपली खुर्ची रिकामी होती, पोचेटिनोही पॅरिसहून मोकळा झालेला होता. गाठ पडली नाही. हे धाकट्याने लिहिलं तेव्हा तास-दीड तास कोणी उत्तर दिलं नाही. निळ्या खुणा सगळ्यांच्या पडल्या होत्या.

चेल्सीवाल्यांनीही हे भोगलंय, ही त्यातल्या त्यात गंमत. मार्च 2017 मध्ये मोरिन्हो मँचेस्टर युनायटेड घेऊन चेल्सीच्या मैदानात एफए कपला गेला तेव्हा त्याच स्टँडमधून त्याला जुडास म्हणत होते, आणि तो त्यांच्याकडे वळून तीन बोटं दाखवत होता. तीन लीग. ते बोटांचं चित्र मला कधीच उद्धट वाटलं नाही. मला तर त्यात हट्टी मुलासारखं काहीतरी दिसतं, जे माझं आहे ते परत घेऊन दाखवा म्हणणारं. 2010 मध्ये हाच माणूस इंटरला घेऊन तिथेच एक-शून्यने जिंकून गेला होता तेव्हा इतका राग नव्हता. मिलान लांब आहे. आणि अँचेलोटी ह्या त्यांच्या मॅनेजरला तर एव्हर्टनच्या गुडिसन पार्क मैदानाच्या बोळात, मॅच संपता संपता काढून टाकलं होतं. दहा-अकरा वर्षांनी तो रिआल माद्रिद घेऊन आला, बेन्झेमाने ब्रिजवर तीन मारले, आणि चेल्सीवाल्या माझ्या एका मित्राने मला लिहिलं होतं, ‘काय करणार, बरोबर आहे त्याचं.’ मी त्याला तेव्हा खूप चिडवलं होतं. चार-एकनंतर त्याने मला काहीच लिहिलं नाही. त्याने चिडवलं असतं तर बरं झालं असतं.

एक गोष्ट मात्र मी गटात लिहिली नाही, कारण दोन्ही बाजूंनी चपला आल्या असत्या. त्या रात्री पुन्हा पुन्हा मला वाटत होतं की मैदानावर पोचेटिनोचा संघ कोणता आहे? नऊ जण मध्यरेषेवर उभे, घाबरत नाहीत, चेंडू गेला की तुटून पडतात. त्यांत सोन, ज्याला त्याने 2015 मध्ये आणलं. त्यांत डायर, जो त्याच्या पहिल्याच उन्हाळ्यात आला. आणि समोर निळ्या कपड्यातली अकरा पोरं, कोडं न सुटलेली, ज्यांना अजून त्याची भाषा येत नव्हती. मी ज्या टीमच्या प्रेमात पडलो ती हरत होती आणि ज्या माणसाच्या प्रेमात पडलो तो जिंकत होता, आणि दोन्हीकडे एकच खेळ. मला शेवटचे दोन गोल झाले तेव्हा राग आला नाही. शरम वाटली म्हणावं तर तशीही नाही. जुन्या घरावरून जाताना आतला दिवा लागलेला दिसावा, आणि पडदे आपणच निवडलेले असावेत, तसं काहीतरी.

पुढच्या मे महिन्यात चेल्सीने पुन्हा दोन-शून्यने हरवलं. त्याच महिन्यात पोचेटिनोने चेल्सीही सोडलं. गटात कोणी विशेष बोललं नाही. गेला की घालवला, हे विचारायची पाळी आता त्यांची होती.

आणि मग 2025. लीगमध्ये सतरावा नंबर. बावीस पराभव. आजोबांनी मोसमभर अँजला नावं ठेवली, ‘मध्यरेषेचा भक्त’ म्हणून. 21 मे ला बिल्बाओमध्ये युनायटेडला एक-शून्यने हरवून युरोपा लीग जिंकलो. 2008 नंतरचा पहिला कप. त्या रात्री आजोबांनी मला फोन केला आणि बोललेच नाहीत, नुसता श्वास ऐकू येत होता. 6 जूनला बातमी आली की पोस्टेकोग्लूला काढलं.

रात्री अकराला गटात आजोबांचा मेसेज पडला. ‘सतरा वर्षांनी कप दिला, आणि सोळा दिवसांत घालवला आपल्या माणसाला.’

मी ‘आपला कधी होता?’ असं टाइप केलं. अंगठा थोडा वेळ तसाच धरला. मग एक एक अक्षर पुसून लिहिलं, ‘आता कुठे जाईल हो तो?’

‘जाईल कुठेही,’ त्यांनी लिहिलं. ‘चेल्सी सोडून.’